घरच्या लँडलाइनवरून स्वस्तात परदेशी फोन कसा लावायचा

समोरच्या माणसाकडे इंटरनेट असेल आणि त्याला अ‍ॅपवर बोलायची सवय असेल, तर आधी तोच मार्ग धरा. त्या कॉलला वेगळे पैसे पडत नाहीत. हा लेख उरलेल्या कॉलसाठी आहे. पलीकडे साधा फोन असलेली आत्या असते, एखादी बँक असते, विद्यापीठाचं ऑफिस असतं. आणि अलीकडे असा माणूस असतो, ज्याला छोट्या पडद्यावर बोटं फिरवण्यापेक्षा रिसीव्हर कानाला लावून निवांत बोलणं बरं वाटतं. अशा माणसाला पैशांच्या धास्तीने दोन मिनिटांत ‘बरं, ठेवतो’ म्हणावं लागू नये, एवढ्यासाठी मी हे सविस्तर लिहिते आहे.

पद्धती चार-पाच आहेत आणि प्रत्येक पद्धत कुणा ना कुणासाठी सगळ्यात स्वस्त ठरते. म्हणून जाहिरातीतला मिनिटाचा दर बघून निवड करू नका. तुम्ही नेहमी जसा कॉल करता, तसा एक कॉल शेवटी कितीला पडतो ते काढा. ते कसं काढायचं हे पुढे सांगते. पण त्याच्या आधी नंबर, कारण नव्या माणसाची पहिली अडचण तिथेच येते.

नंबर पूर्ण लिहून घ्या

परदेशी नंबर चार तुकड्यांचा असतो: आपल्या देशातून बाहेर पडायचा कोड, समोरच्या देशाचा कोड, गावाचा किंवा भागाचा कोड, आणि मग त्या घरचा नंबर. मोबाइलवर आपण अधिकचं चिन्ह दाबतो तेव्हा बाहेर पडायचा कोड फोन स्वतःच घालतो. लँडलाइनवर ते चिन्ह नसतं, तिथे आकडेच दाबावे लागतात.

बाहेर पडायचा कोड तुम्ही कुठून फोन करता त्यावर ठरतो, कुठे करता त्यावर नाही. बहुतेक देशांत तो ०० आहे. अमेरिका आणि कॅनडात ०११, ऑस्ट्रेलियात ००११, जपानमध्ये ०१०. ब्राझीलमध्ये ०० नंतर कोणत्या कंपनीमार्फत कॉल पाठवायचा तिचे दोन आकडेही घालावे लागतात आणि मग देशाचा कोड येतो.

देशाचा कोड एक ते तीन आकड्यांचा असतो. भारत ९१, ब्रिटन ४४, जर्मनी ४९, जपान ८१, नेपाळ ९७७, संयुक्त अरब अमिराती ९७१. देशाच्या कोडपासून शेवटपर्यंत मोजले तर आकडे जास्तीत जास्त १५ असू शकतात. तुमच्या वहीतला नंबर त्याहून लांब असेल तर त्यात काहीतरी जास्तीचं घुसलं आहे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट, सुरुवातीचं शून्य. पुष्कळ देशांत गावाच्या कोडआधी ० लावतात, पण तो देशातल्या देशात फोन करण्यासाठी असतो. बाहेरून फोन करताना तो गाळायचा. लंडनचा ०२० ७९४६ ०१२३ हा नंबर घ्या. (हा ब्रिटनमध्ये नाटक-सिनेमासाठी राखून ठेवलेल्या नंबरांपैकी आहे, म्हणून उदाहरणाला निर्धास्त वापरता येतो.) ०० चालतं त्या देशातून तो असा लागेल: ०० ४४ २० ७९४६ ०१२३. अमेरिकेतून: ०११ ४४ २० ७९४६ ०१२३. लोक व्हिजिटिंग कार्डावर कंसात (०) छापतात तो हाच, आणि बाहेरून तो कधीच दाबायचा नाही.

याला इटली अपवाद आहे. तिथल्या लँडलाइनचं शून्य नंबराचाच भाग आहे, त्यामुळे रोमला ०० ३९ ०६ असंच लावावं लागतं. रशियात देशांतर्गत कॉलला ० ऐवजी ८ लावतात, तो गाळायचा. अर्जेंटिनाच्या मोबाइलला देशाच्या ५४ नंतर ९ घालायचा आणि तिथले लोक मध्ये जो १५ सांगतात तो काढून टाकायचा. स्पेन, नॉर्वे, डेन्मार्क इथे असला काही प्रकारच नाही. नंबर आहे तसा लावा.

नंबर दाबून झाल्यावर लगेच घंटी ऐकू येत नाही. दहा-पंधरा सेकंद शांतता असू शकते. नवा माणूस घाबरून फोन ठेवतो आणि पुन्हा लावतो, असं तीनदा करतो. थांबा. आणि घंटीचा आवाज त्या देशाचा असतो: ब्रिटनची घंटी दोन-दोनच्या जोडीने वाजते, अमेरिकेची एकच लांब. अनोळखी सूर म्हणजे एंगेज नव्हे.

तुमच्या लाइनवर काय चालू आहे ते बघा

पुष्कळ ठिकाणी घरच्या लाइनवर आयएसडी, म्हणजे थेट परदेशी फोन लावायची सोय, मुळात बंद ठेवलेली असते. कंपनीला फोन करून दोन गोष्टी विचारा: आयएसडी चालू आहे का, आणि परदेशी कॉलसाठी एखादी सवलत-योजना आहे का. दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. योजना न घेता थेट केलेला कॉल हा बहुतेक वेळा सगळ्यात महाग कॉल असतो, आणि त्याच कंपनीकडे महिन्याला ठरावीक रक्कम भरून बराच खालचा दर मिळू शकतो. तुम्ही एकाच देशात आणि नियमित बोलत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

तिसरी गोष्ट स्वतः तपासा: फोन टोनवर आहे की पल्सवर. बटण दाबल्यावर प्रत्येक आकड्याला वेगळा सूर ऐकू आला तर टोन. टक-टक ऐकू आली तर पल्स. पुढच्या बऱ्याच पद्धती पिन आणि हॅश (#) दाबण्यावर चालतात आणि त्यांना टोन लागतो. फोनच्या खाली किंवा बाजूला ‘टी’ आणि ‘पी’ असं छोटं बटण असतं, ते ‘टी’कडे सरकवा. चकतीच्या जुन्या फोनवरून थेट कॉल लागू शकेल, पण कार्डाचा पिन देता येणार नाही.

तुमचा फोन भिंतीतल्या तारेत न जाता इंटरनेटच्या राउटरमध्ये जात असेल, तर ती लाइन आतून इंटरनेटवरच चालते. जगभर हा बदल चालू आहे. ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारांवरचं जुनं जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलेलं आहे. अशा लाइनवर खाली सांगितलेले कोड सगळीकडे चालतीलच असं नाही, म्हणून आधी विचारून घ्या.

कमी दराचे रस्ते

पहिला रस्ता दुसऱ्या कंपनीच्या कोडचा. नंबरच्या आधी काही आकडे लावले की तो एक कॉल दुसऱ्या कंपनीमार्फत जातो. अमेरिकेत १०-१० ने सुरू होणारे असे कोड वर्षानुवर्षं चालत आले. लाइन बदलावी लागत नाही हा याचा मोठा फायदा. मात्र दर कधीही बदलू शकतो, त्यामुळे कॉलच्या सुरुवातीला दर सांगणारी सूचना वाजत असेल तर ती प्रत्येक वेळी पूर्ण ऐका, पाठ झाली असली तरी.

दुसरा रस्ता कॉलिंग कार्डाचा किंवा अ‍ॅक्सेस नंबरचा. कार्ड प्लास्टिकचं असो की नुसतं ऑनलाइन खातं, काम एकच: आधी पैसे भरून ठेवायचे, मग कंपनीच्या नंबरवर (तोच अ‍ॅक्सेस नंबर) फोन लावून तिच्यामार्फत परदेशी कॉल करायचा. पहिल्यांदा करताना असं करा:

१. कार्डावरचा अ‍ॅक्सेस नंबर लावा. तुमच्या गावातला स्थानिक नंबर आणि टोल-फ्री नंबर असे दोन दिलेले असतील तर थांबा. दोन्हींचा दर वेगळा असतो. टोल-फ्री नंबरचे पैसे कंपनीला भरावे लागतात आणि ती ते तुमच्या कार्डातूनच वसूल करते, म्हणून त्यावरून मिनिटं कमी मिळतात.

२. सूचना सुरू झाली की भाषा निवडा आणि पिन दाबा. पिन कागदावर मोठ्या अक्षरांत, तीन-तीन आकड्यांचे गट पाडून लिहून ठेवा.

३. उरलेली रक्कम ऐकू येईल. ती वहीत टिपा. हे अजिबात टाळू नका, पुढच्या हिशेबाला हाच आकडा लागतो.

४. आता परदेशी नंबर दाबा. काही सेवांना बाहेर पडायचा कोड लागतो, काहींना थेट देशाच्या कोडपासून सुरुवात हवी असते. शेवटी हॅश दाबलात तर यंत्र आणखी आकड्यांची वाट बघत बसत नाही.

५. बोलून झाल्यावर फोन नीट ठेवा, डायल टोन ऐका, मगच दुसरा कॉल करा. रिसीव्हर तिरका राहिला आणि पलीकडच्यानेही ठेवला नाही, तर मिनिटं चालूच राहतात.

पिन न मागता तुमचा घरचा नंबर ओळखणाऱ्या सेवाही असतात. हात थरथरणाऱ्या किंवा डोळ्यांना कमी दिसणाऱ्या माणसासाठी मी तीच सुचवेन. मात्र त्या फोनवरून घरातला कुणीही, आलेला पाहुणाही, तुमच्या खात्यातून बोलू शकतो. पिनच्या सेवेत वेगळा धोका आहे: रीडायलच्या बटणात पिन साठून राहतो. फोन दुसऱ्या कुणाचा असेल तर निघताना एखादा आकडा दाबून रिसीव्हर खाली ठेवा, म्हणजे रीडायलमध्ये तोच राहील. स्वतःच्या फोनमध्ये पॉजची, म्हणजे साठवलेल्या आकड्यांच्या मध्ये थोडं थांबण्याची, सोय असेल तर अ‍ॅक्सेस नंबर, दोन पॉज आणि पुढचे आकडे एका बटणावर साठवता येतात.

तिसरा रस्ता कॉलबॅकचा. एका नंबरवर तुम्ही रिंग देता, तो उचलायच्या आत ठेवता. मग त्यांचं यंत्र तुम्हाला उलट फोन करतं आणि तुम्ही परदेशी नंबर दाबता. तुमच्या देशातून बाहेर जाणारे कॉल महाग आणि आत येणारे स्वस्त असतील, तेव्हा हा उपयोगी पडतो. स्थानिक कॉलचे पैसेही वाचतात.

खरा हिशेब

चलन तुमचं जे असेल ते धरा, मी नुसते आकडे देते.

समजा पहिल्या कार्डाचा दर मिनिटाला २ आहे, जोडणीचं शुल्क नाही आणि प्रत्येक अर्धवट मिनिट पूर्ण धरलं जातं. दुसऱ्याचा दर मिनिटाला फक्त १, पण दर कॉलला ८ जोडणी शुल्क आणि मोजणी तीन-तीन मिनिटांच्या ठोकळ्यात. जाहिरातीत दुसरं कार्ड निम्म्या किमतीचं दिसतं.

४ मिनिटं १० सेकंदांचा कॉल करा. पहिल्यावर ५ मिनिटं धरली जातात, १० पडतात. दुसऱ्यावर ६ मिनिटांचे ६ आणि शुल्क ८, म्हणजे १४. आता ४० मिनिटं १० सेकंद बोला. पहिल्यावर ८२, दुसऱ्यावर ५०. खुशाली विचारून ठेवणाऱ्याला पहिलं कार्ड आणि रविवारी तासभर बोलणाऱ्याला दुसरं. दोघांना एकच कार्ड सुचवणारा दुकानदार तुमचा विचार करत नाही.

यात अजून एक रक्कम राहिली. अ‍ॅक्सेस नंबर स्थानिक असला आणि तुमच्याकडे स्थानिक कॉल फुकट नसतील, तर तेही मीटर सोबत चालतं. ते मिनिटाला १ धरलं तर पहिल्या कार्डाचा तोच ४ मिनिटं १० सेकंदांचा कॉल १५ ला गेला. तुमच्याच कंपनीची योजना मिनिटाला अडीचने असती तर साडेबाराच पडले असते, आणि पिनही दाबावा लागला नसता. शिवाय स्थानिक मीटर अ‍ॅक्सेस नंबर लागल्या क्षणापासून फिरतं: सूचना ऐकताना, पिन दाबताना, आणि पलीकडे कुणी उचललं नाही तरीही. मी पहिल्यांदा कार्ड घेतलं तेव्हा एकही बोलणं न होता बिलात स्थानिक कॉलची रांग आली होती, ती यामुळे.

मोजणीचा ठोकळा जितका लहान तितकं चांगलं. १ मिनिट ५ सेकंदांचे दहा कॉल मिनिटाच्या मोजणीत २० मिनिटं होतात, सेकंदाच्या मोजणीत १० मिनिटं ५० सेकंद. कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत आणखी दोन गोष्टी शोधा: देखभाल शुल्क आणि मुदत. माझ्या एका कार्डावर पहिल्या कॉलनंतर दर आठवड्याला काहीतरी कापलं जायचं. महिनाभर न वापरता कार्ड जवळजवळ रिकामं झालं. तेव्हापासून मी लहान रकमेचंच कार्ड घेते, नवी सेवा असेल तर नक्कीच.

तपासणी सोपी आहे. आधीची शिल्लक वहीत आहे. घड्याळ लावून पाच मिनिटं बोला, पुन्हा अ‍ॅक्सेस नंबर लावून शिल्लक ऐका आणि वजाबाकी करा. जाहिरातीच्या दराशी जमलं तर ठेवा, नाही जमलं तर रिचार्ज करू नका.

मोबाइल की लँडलाइन

लंडन आणि न्यूयॉर्कमधली टेलिफोन सेवा ७ जानेवारी १९२७ रोजी रेडिओवरून सुरू झाली, तेव्हा पहिल्या तीन मिनिटांना ७५ डॉलर पडत. आज आवाज समुद्राखालच्या काचेच्या तंतूंमधून जातो आणि अंतराला फारशी किंमत राहिलेली नाही. किंमत आहे ती शेवटच्या टप्प्याला. ज्या कंपनीच्या फोनवर कॉल वाजतो, ती कॉल पोचवण्याचे पैसे घेते, आणि ते देशागणिक, कंपनीगणिक वेगळे असतात. म्हणूनच शेजारचा देश महाग आणि जगाच्या दुसऱ्या टोकाचा स्वस्त असं होऊ शकतं.

नव्या माणसाने यातून घ्यायचं ते हे: अनेक देशांत मोबाइलला लावलेला कॉल लँडलाइनपेक्षा महाग असतो, कधी कित्येक पट. अमेरिका आणि कॅनडात मोबाइलचे नंबर साध्या नंबरांसारखेच असतात, त्यामुळे तिथे सहसा फरक नसतो. दरपत्रकात देशापुढे दोन ओळी असतात; जाहिरातीत झळकणारी ओळ लँडलाइनची असते. तुमच्या माणसाकडे दोन्ही फोन असतील तर ठरलेल्या वेळी घरच्या फोनवर बसायला सांगा. मोबाइलवर व्हॉइसमेलने उचललं तरी तो कॉल लागलेला धरतात, म्हणून चौथ्या-पाचव्या घंटीनंतर सावध राहा.

वेळ ठरवताना मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर जपा. युरोपात घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. भारत आणि जपान घड्याळ बदलत नाहीत. त्या मधल्या आठवड्यांत एक तास चुकतो आणि कार्डाचे पैसे रिकाम्या घरात घंटी वाजवण्यात जातात.

इंटरनेटची डबी

घरात चांगलं इंटरनेट असेल तर जुना फोन तसाच ठेवून इंटरनेटवरून बोलता येतं. त्यासाठी अ‍ॅडॉप्टरची डबी मिळते: एक तार राउटरला, एक तार फोनला, आणि इंटरनेट फोनसेवेचं एक खातं. राउटरलाच फोनचं भोक असेल तर डबीही लागत नाही. एका कॉलला दोन्ही दिशांना सेकंदाला १०० किलोबिटच्या आसपास वेग पुरतो, म्हणजे वेगापेक्षा जोडणी स्थिर असणं महत्त्वाचं. भरपूर बोलणाऱ्यासाठी हा रस्ता मला सगळ्यात आवडतो. दर कमी असतात, स्थानिक मीटर नसतं आणि आजी-आजोबांना काहीही नवीन शिकावं लागत नाही.

तीन खबरदाऱ्या मात्र हव्यात. डबीची फोनची तार फक्त फोनला जोडा. चालू लाइन असलेल्या भिंतीतल्या सॉकेटला कधीही नाही, त्यातल्या विजेने डबी जळू शकते. दुसरं, तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळते, म्हणून घरातले दिवे गेले तरी तो चालतो. डबी आणि राउटर वीज गेली की बंद. घरात आजारी माणूस असेल तर तातडीच्या कॉलसाठी मोबाइल किंवा जुनी लाइन ठेवाच. तिसरं, इंटरनेटवरून फोन करण्यावर काही देशांत बंधनं आहेत. तुमच्याकडे काय चालतं ते घेण्याआधी बघा.

इथे पैसे बुडतात

देशाचा कोड १ हा अमेरिका आणि कॅनडाचा आहे, पण कॅरिबियनमधली अनेक बेटंही त्याच कोडवर आहेत. १ नंतर ८७६ आला तर जमैका, ८०९ आला तर डॉमिनिकन प्रजासत्ताक, ४७३ आला तर ग्रेनाडा. नंबर अमेरिकेचा वाटतो, दर तो नसतो. एकच रिंग देऊन ठेवलेल्या अनोळखी परदेशी नंबरला उलट फोन करू नका; या फसवणुकीला जपानी भाषेतून आलेलं नावही आहे, वानगिरी. तुम्ही लाइनवर जितकं थांबाल तितका फसवणाऱ्यांचा वाटा वाढतो.

८७० आणि ८८१ हे कोणत्याही देशाचे कोड नाहीत, ते उपग्रह फोनचे आहेत आणि फार महाग आहेत. एखादा आकडा चुकून तिथे पोचू नये म्हणून नंबर सावकाश दाबा.

परदेशी बँकेचा टोल-फ्री नंबर बाहेरून लागत नाही, किंवा लागला तरी फुकट नसतो. त्यांच्या कागदांवर परदेशातून करण्यासाठीचा साधा नंबर शोधा.

आणि स्वस्त सेवेवरून गेलेला कॉल पलीकडे भलत्याच नंबरावरून आल्यासारखा दिसू शकतो, किंवा नंबर दिसतच नाही. पलीकडचा माणूस फसवणुकीच्या भीतीने उचलत नाही आणि तुम्हाला वाटतं सेवा खराब आहे. पहिल्या कॉलआधी एक निरोप पाठवा: आज सात वाजता अनोळखी नंबरावरून फोन येईल, तो माझाच आहे, उचला.